बाळाला सेप्सिसशी लढायची ताकद आईकडून मिळते, बाळ पोटात असतानाच ती कशी द्यायची

मी नवजात बाळांच्या आयसीयूत, म्हणजे एनआयसीयूत, नर्स आहे. तिथे बाळ आलं की डॉक्टर त्याला तपासता तपासता पहिले प्रश्न आईबद्दलच विचारतात, किती आठवडे भरले होते, पाणी कधी गेलं, आईला ताप होता का, लघवीत इन्फेक्शन झालं होतं का, लसी कुठल्या घेतल्या, कळा चालू असताना अँटिबायोटिक दिलं का आणि दिलं तर किती वाजता. बाहेर बाबा नाहीतर आजी उभ्या असतात, त्यांना यातलं निम्मंही माहीत नसतं, आणि आई अजून लेबर रूममध्येच असते. आजारी बाळ पडलंय आणि ह्या आईच्या चौकशा काय करतायत असं त्यांना वाटतं, साहजिक आहे ते. पण दोन दिवसांच्या बाळाकडे जंतूंशी लढायला जे काही असतं त्यातला फार मोठा वाटा आईकडून आलेला असतो, आणि तो यायचा काळ ठरलेला असतो. म्हणून ज्यांच्या घरी कुणाला दिवस गेलेत त्यांच्यासाठी हे लिहितेय, कधी काय करायचं आणि का.

सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराची प्रतिक्रिया इतकी बिघडते की त्यात स्वतःच्याच अवयवांना इजा व्हायला लागते. २०१७ च्या आकड्यांवरून केलेला जागतिक अंदाज असा की त्या एका वर्षात सेप्सिसच्या ४.८९ कोटी केसेस झाल्या आणि त्यातल्या जवळपास निम्म्या पाच वर्षांखालच्या मुलांमधल्या होत्या. नवजात बाळात तो पहिल्या तीन दिवसांत झाला तर जंतू बहुतेक वेळा आईच्या जननमार्गातून आलेले असतात, नंतर झाला तर हातांमधून, नळ्यांमधून, आजूबाजूच्या वातावरणातून. बाळाच्या पांढऱ्या पेशींचा साठा छोटा असतो, लवकर संपतो, आणि स्वतःच्या अँटिबॉडी, म्हणजे ठराविक जंतूला ओळखून धरणारी रक्तातली प्रथिनं, बनवायला त्याला वेळ लागतो. जंतू मात्र तासातासाला वाढतात. ही मधली दरी आईच्या अँटिबॉडी भरून काढतात.

हे नेमकं कसं होतं

आईला आयुष्यात जे जे जंतू भेटले, कधी आजार होऊन, कधी लसीतून, कधी नुसते आतड्यात नाहीतर त्वचेवर राहून, त्यांची आठवण तिच्या रक्तातल्या पेशी ठेवतात आणि त्या त्या जंतूविरुद्ध अँटिबॉडी बनवतात. ह्या अँटिबॉडींचे प्रकार असतात. त्यातली फक्त आयजीजी ही वारेतून बाळाकडे जाते, आयजीएम आणि आयजीए जात नाहीत. आयजीजी झिरपून जाते असं नाही, तिला उचलून नेलं जातं. वारेच्या ज्या थरावरून आईचं रक्त वाहतं तो थर रक्तातल्या द्रवाचा बारीकसा थेंब एका छोट्या पिशवीत आत ओढून घेतो, पिशवीतलं वातावरण आम्लधर्मी होतं, तसं झालं की एफसीआरएन नावाचा रिसेप्टर आयजीजीला घट्ट धरतो, पिशवी बाळाच्या बाजूला जाऊन उघडते, तिथे आम्ल नसतं म्हणून पकड सुटते आणि अँटिबॉडी बाळाच्या बाजूला मोकळी होते. असा काहीतरी वाहक असला पाहिजे हे फ्रान्सिस ब्रॅम्बेल यांनी १९५८ मध्येच मांडलं होतं, रिसेप्टर हाताला लागायच्या बऱ्याच आधी.

आता ह्यातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे वेळ. ही वाहतूक साधारण १३ व्या आठवड्याला सुरू होते पण फार धीम्या गतीने. २० व्या आठवड्याच्या आसपास बाळाकडे आईच्या पातळीच्या जेमतेम दहा टक्के असतात, २८ ते ३२ आठवड्यांत निम्म्याच्या आसपास, आणि दिवस पूर्ण भरलेल्या बाळाच्या नाळेतल्या रक्तात आईपेक्षाही जास्त. सगळ्यात मोठा हप्ता शेवटच्या चार आठवड्यांत जातो. म्हणून ३० आठवड्यांत जन्मलेलं बाळ आणि ३९ आठवड्यांत जन्मलेलं बाळ यांच्यात नुसता वजनाचा फरक नसतो, लवकर आलेल्याची ही शिदोरी अर्धीच भरलेली असते. आणि जन्मानंतर ती दर तीन आठवड्यांनी साधारण निम्मी होत जाते.

दुसरी गोष्ट, अँटिबॉडी 'एकूण किती' याच्याइतकंच 'कुणाविरुद्ध' हे महत्त्वाचं. १९७६ मध्ये कॅरोल बेकर आणि डेनिस कॅस्पर यांनी ग्रुप बी स्ट्रेप ह्या जंतूवर काम करताना दाखवलं की ज्या बाळांना हा गंभीर संसर्ग झाला त्यांच्या आयांच्या रक्तात त्या जंतूच्या बाहेरच्या आवरणाविरुद्धच्या अँटिबॉडी अगदी कमी होत्या, आणि ज्या आयांच्या अंगात तोच जंतू असूनही बाळं ठणठणीत राहिली त्यांच्यात त्या बऱ्याच जास्त होत्या. जंतू दोघींकडे होता, फरक पडला तो आईच्या शरीराने त्याला किती ओळखलं होतं यामुळे. त्यामुळे 'इम्युनिटी वाढवणारी' कुठलीही पावडर, सिरप, कॅप्सूल ह्या जागी काही करू शकत नाही, कारण त्यात तो विशिष्ट जंतू ओळखायला शिकवणारं काहीच नसतं.

दिवस राहिल्यापासून ते सातव्या महिन्यापर्यंत

पहिल्या भेटीतच सगळी जुनी लसींची कागदपत्रं काढून डॉक्टरांना दाखवा. काही लसी गरोदरपणात देत नाहीत, म्हणजे गोवर, रुबेला, कांजिण्या अशा जिवंत विषाणूंच्या, त्या मूल हवंय असं ठरतं तेव्हाच बघायला हव्या होत्या, आणि तेव्हा राहिल्या असतील तर बाळंतपणानंतर घ्यायच्या. धनुर्वाताची मात्र गरोदरपणात देतात. आधी कधीच घेतलेली नसेल तर निदान दोन डोस, मध्ये किमान चार आठवडे, आणि दुसरा डोस तारखेच्या निदान दोन आठवडे आधी. शेवटच्या आठवड्यात धावत जाऊन घेतलेल्या डोसचा बाळाला फारसा उपयोग होत नाही, कारण आईला अँटिबॉडी बनवायलाच साधारण दोन आठवडे लागतात आणि मग त्या पलीकडे जायला अजून वेळ.

लघवीची कल्चर टेस्ट करून घ्या, साधी लघवी तपासणी वेगळी आणि कल्चर वेगळी, कल्चरमध्ये लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघतात. गरोदरपणात काहीही त्रास नसताना लघवीत जंतू वाढलेले असू शकतात, जळजळ नाही, ताप नाही, काहीच नाही, आणि तसेच राहिले तर किडनीपर्यंत जाऊ शकतात, बाळ वेळेआधी होण्याची जोखीमही वाढते. वेळेआधी म्हणजे परत तेच, शिदोरी अर्धी. सापडले तर डॉक्टर काही दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स देतात, तो पूर्ण करायचा. लघवीत ग्रुप बी स्ट्रेप सापडला असेल तर तो रिपोर्ट जपून ठेवा, कारण कोर्स करून लघवी साफ झाली तरी प्रसूतीच्या वेळी परत औषध द्यावं लागतं.

आईचे स्वतःचे आजारही बघायला हवेत. एचआयव्ही आणि वारेत बसलेला मलेरिया यांच्यामुळे अँटिबॉडींची वाहतूक कमी होते असं दिसलंय, म्हणजे आईकडे असूनही बाळाकडे पोचत नाहीत. त्यांची तपासणी आणि उपचार जिथे सांगितलेत तिथे टाळू नका.

अँटिबायोटिकबद्दल जरा थांबून

हा भाग मी मुद्दाम लांबवतेय कारण इथे दोन्ही बाजूंनी चुका होतात. २०१४ मध्ये उंदरांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात गाभण उंदरीणींना अँटिबायोटिक दिली तर त्यांच्या पिल्लांच्या रक्तात न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, कमी झाल्या, आणि ई. कोलाय आणि क्लेबसिएला ह्या जंतूंमुळे होणाऱ्या सेप्सिसला ती पिल्लं जास्त बळी पडली. पिल्लांना नेहमीचे आतड्यातले जंतू परत दिले तेव्हा ही ताकद बरीचशी परत आली. २०१६ मध्ये दुसऱ्या एका गटाने दाखवलं की पूर्ण निर्जंतुक वाढवलेल्या उंदरीणीच्या आतड्यात गाभणपणी काही दिवस जंतू राहिले आणि पिल्लं व्हायच्या आत निघूनही गेले, तरी त्या पिल्लांच्या आतड्यातल्या संरक्षक पेशी वाढलेल्या होत्या. म्हणजे पिल्लाला जंतू न भेटताच, आईला भेटले म्हणून, त्याची तयारी सुरू झाली होती.

हे वाचून कुणी डॉक्टरांनी दिलेलं अँटिबायोटिक बंद करेल याची मला खरंच भीती वाटते. असं करू नका. न उपचार केलेला संसर्ग बाळासाठी ह्या सगळ्यापेक्षा फार मोठा धोका आहे, आणि उंदराचं जसंच्या तसं माणसाला लागू होत नाही. घ्यायचं ते एवढंच की सर्दी खोकल्याला, अंग दुखतंय म्हणून, मागच्या वेळची गोळी घरात उरलीय म्हणून, असं स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नका आणि मेडिकलवाल्याकडून मागून आणू नका. कुणी लिहून दिलं तर विचारा की हे कशासाठी आहे, कल्चर पाठवलंय का. हा प्रश्न विचारायला काही संकोच वाटायचं कारण नाही.

मग आजारी पडलेलं चांगलं का?

हा प्रश्न मला बऱ्याच जणी विचारतात, आईला जंतू भेटले की बाळाला फायदा होतो ना, मग थोडं इन्फेक्शन झालेलं बरंच की. नाही. २०२१ मधल्या उंदरांवरच्या एका अभ्यासात गाभणपणी आईला सौम्य आतड्याचा संसर्ग दिला तर पिल्लं मोठी झाल्यावर आतड्याच्या संसर्गाशी जास्त चांगली लढली हे खरं, पण त्याच पिल्लांच्या आतड्याला सूज येण्याची प्रवृत्तीही वाढलेली होती. म्हणजे फुकट काही मिळालं नाही. आणि माणसात गरोदरपणी जास्त ताप, रक्तातला संसर्ग, गर्भजलाच्या पिशवीचा संसर्ग यांनी बाळ वेळेआधी होतं, नाहीतर जन्मतःच आजारी असतं. कच्च्या दुधातून येऊ शकणारा लिस्टेरिया हा जंतू तर वारेतून थेट बाळापर्यंत जातो. म्हणून कच्चं दूध नको, आणि ताप १०० च्या वर गेला तर वाट न बघता डॉक्टरांना फोन. धोक्याशिवाय जंतूची ओळख करून देण्याची पद्धत म्हणजेच लस.

सातवा महिना ते कळा

लसींची खरी वेळ ही. डांग्या खोकला, घटसर्प, धनुर्वात यांची एकत्र लस टीडॅप, ती अमेरिकेत २७ ते ३६ आठवड्यांत देतात आणि त्यातही आधीच्या बाजूला, ब्रिटनमध्ये १६ आठवड्यांपासूनच देतात. आधीच्या बाळंतपणात घेतली असली तरी ह्या वेळी परत घ्यायची, कारण आईच्या अँटिबॉडी उतरत जातात आणि शिदोरी प्रत्येक बाळाला नव्याने भरावी लागते. फ्लूची लस कुठल्याही महिन्यात चालते. आरएसव्ही, म्हणजे लहान बाळांच्या श्वासमार्गाला आणि फुफ्फुसांना गाठणारा विषाणू, त्याची लस नवी आहे, देशादेशात आठवडे वेगळे आहेत, अमेरिकेत ३२ ते ३६ आठवडे आणि तीही त्या आजाराच्या हंगामाप्रमाणे, तुमच्याकडे मिळते का ते विचारा. एक गोष्ट स्पष्ट सांगते, ह्यातली कुठलीच लस नवजात बाळाच्या नेहमीच्या सेप्सिसच्या जंतूंवर नाही. त्या बाळाला डांग्या खोकला, फ्लू, आरएसव्ही, धनुर्वातापासून वाचवतात, आणि एवढ्याशा बाळाला त्यातला एकही आजार परवडत नाही. ग्रुप बी स्ट्रेपसाठी आईला द्यायच्या लसीवर काम चालू आहे.

तोपर्यंत ग्रुप बी स्ट्रेपसाठी औषध हाच मार्ग. साधारण १० ते ३० टक्के गरोदर बायकांच्या अंगात हा जंतू काहीही त्रास न देता राहतो, त्यात अस्वच्छतेचा काही संबंध नाही. काही देशांत ३६-३७ व्या आठवड्यात योनीमार्ग आणि गुदद्वाराजवळून कापसाच्या काडीने सगळ्यांचा नमुना घेतात, काही ठिकाणी फक्त जोखीम बघून ठरवतात. जंतू निघाला तर कळा सुरू झाल्यावर शिरेतून पेनिसिलिन किंवा तत्सम औषध देतात, आणि ते बाळ व्हायच्या निदान चार तास आधी मिळालं तर सगळ्यात चांगलं. म्हणून रिपोर्ट पॉझिटिव्ह असेल तर कळा सुरू झाल्यावर घरी वाट बघत बसू नका. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर ती आधीच, नमुना घेतानाच सांगा, म्हणजे दुसरं कुठलं औषध चालेल ते लॅब तपासून ठेवते.

सगळ्याच आयांना कळांमध्ये अँटिबायोटिक देऊन टाकलं तर? तेही करून बघितलंय. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत प्रसूतीच्या वेळी अझिथ्रोमायसिनचा एकच डोस दिला, त्याने आईचा सेप्सिस किंवा मृत्यू २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला, आईसाठी हे फार चांगलं, पण बाळांच्या सेप्सिसमध्ये आणि मृत्यूत फरक पडला नाही. आणि बाळ आजारी पडल्यावर बाहेरून अँटिबॉडी टोचल्या तर? २०११ च्या चाचणीत ३,४९३ आजारी बाळांपैकी काहींना दात्यांच्या रक्तातल्या मिश्र अँटिबॉडी दिल्या, त्याचाही फायदा दिसला नाही. आईने वेळेवर दिलेल्या नेमक्या अँटिबॉडीला अजून तरी पर्याय नाही.

पाणी गेलं की घड्याळ बघा

हे अक्षरशः करायचं. पाणी गेलं किंवा ओलं ओलं लागतंय असं वाटलं की वेळ कागदावर लिहा, रंग कसा होता, वास होता का तेही, आणि लगेच निघा. पाणी जाऊन १८ तासांच्या वर गेले की बाळाच्या संसर्गाची जोखीम वाढते असं धरतात. नंतर 'सकाळी कधीतरी' असं उत्तर आलं की सकाळी सहा की अकरा ह्यावरून आम्हाला पुढचा निर्णय घ्यावा लागतो, आणि तो अंदाजावर घ्यावा लागतो.

बॅगेत सगळ्यात वर एक कागद ठेवा. त्यावर तारीख आणि आठवडे, लसी आणि त्यांच्या तारखा, लघवीच्या कल्चरचा निकाल, ग्रुप बी स्ट्रेपचा निकाल, अॅलर्जी, गरोदरपणात घेतलेली अँटिबायोटिक, आणि खाली मोकळी जागा, जिथे पाणी जायची वेळ, ताप, आणि औषध दिलं ती वेळ लिहिता येईल. त्याचा फोटो नवऱ्याच्या, आईच्या, जे कोण सोबत असेल त्याच्या मोबाईलवर पाठवून ठेवा.

बाळ झाल्यावर

वारेचा मार्ग बंद झाला की दुधाचा सुरू होतो. पहिल्या तासात बाळाला छातीशी घ्या आणि पाजा. सुरुवातीला येणारं चिकाचं दूध पिवळसर, घट्ट आणि अगदी चमचाभर असतं, ते बघून दूध आलंच नाही असं समजून वरचं देऊ नका. त्यात आयजीए भरपूर असतं, ते बाळाच्या रक्तात फारसं जात नाही, आतड्याच्या आतल्या भिंतीवर पसरून राहतं आणि तिथूनच जंतूंना आत घुसू देत नाही. लवकर जन्मलेलं बाळ एनआयसीयूत असेल तर दूध काढून पाठवा, दोन मिली निघालं तरी पाठवा. अर्धी शिदोरी घेऊन आलेल्या बाळाला त्याची जास्तच गरज असते.

बाळाला घेणारा प्रत्येक हात धुतलेला हवा. पहिली अंघोळ शक्यतो २४ तासांनंतर. नाळ कोरडी आणि उघडी ठेवा, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तिच्यावर काहीही लावू नका.

आणि ही लक्षणं पाठ करून ठेवा, घरातल्या सगळ्यांनी. बाळ अंगावर पिणं सोडतं, म्हणजे रडून नाकारतं असं नाही, तोंडात घेतं, दोनदा ओढतं आणि मलूल पडतं, तळपाय चोळले तरी नीट जागं होत नाही. स्वतःहून हातपाय हलवत नाही. काखेतलं तापमान ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त, नाहीतर ३५.५ पेक्षा कमी, थंड पडलेलं बाळही तितकंच आजारी असतं. झटके येतात. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत खोल ओढला जातो. श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, आणि ते मोजायचं असं की झबलं वर करायचं, बाळ शांत असताना पोटाकडे बघायचं, मोबाईलवर पूर्ण एक मिनिट लावायचं आणि प्रत्येक वर येणं मोजायचं, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण नवजात बाळ मध्येच थांबून थांबून श्वास घेतं. ६० किंवा जास्त आले तर लगेच परत एकदा मोजायचं.

यातलं एक जरी दिसलं तरी सकाळ व्हायची वाट बघू नका, रात्रीचे तीन असले तरी निघा. दारात पोचल्यावर पहिलं वाक्य 'बाळ किती दिवसांचं आहे आणि कधीपासून पीत नाहीये' एवढंच सांगा आणि तो बॅगेतला कागद त्यांच्या हातात द्या.